मासे बंद होणार म्हणे

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. तोच खानापूरच्या मामेभावाने पाठवला आणि परवा निपाणीच्या आत्तीनेही. मजकूर थोडक्यात असा: 2030 पर्यंत जगातला 30 टक्के समुद्र बंद करणार, ताटातले मासे जाणार; मासा फिरता जीव, त्याला कुंपण काय कामाचं; हा श्रीमंत देशांचा डाव, कोळ्याच्या पोटावर पाय; आणि भर समुद्रात पहारा कोण देणार, देशांचं कधी एकमत होतं का? खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि ‘सगळ्यांना पाठवा’. मी पाठवला नाही, उत्तर लिहायला बसलो.

ताटातले मासे आधी. 30 टक्क्यांचा आकडा खरा आहे, डिसेंबर 2022 मध्ये मॉन्ट्रियलला देशांनी तो मान्य केला. पण राखीव म्हणजे सगळीकडे जाळं बंद, असं त्यात नाही. कुठे पूर्ण बंदी, कुठे ठरावीक जाळ्यांना मज्जाव, कुठे ठरावीक हंगाम. आणि समुद्र बंद ठेवणं आपल्याला नवीन आहे होय? दर साली 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटी बंदरात असतात. त्या दिवसांत आमच्या बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी बाजारात जाऊन बघा: बर्फातला जुना माल, धरणातली चिलापी आणि सुक्या बोंबलाचा वास. ऑगस्ट लागला की घाट चढून टेम्पो येतात आणि बांगडा पाटीत पडतो. मासेवाली मावशी कल्ला उचलून लालभडक आतली बाजू दाखवते, “बघ की, कालचाच हाय.” कालचाच असतो, आणि तो जून-जुलैत पाण्यात राहिला म्हणून असतो.

या बंदीची खरी गोम तारखांत आहे. पूर्वी प्रत्येक राज्याच्या तारखा वेगळ्या. एकाने बोटी ओढून ठेवल्या तरी शेजारचा अजून समुद्रातच. 2015 मध्ये केंद्राने राज्यांच्या हद्दीपलीकडच्या पाण्यासाठी 61 दिवस एकसारखे केले. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आता त्याच तारखा पाळतात. मोठा समुद्र मिळून राखायचा म्हणजे हेच, फक्त राज्यांच्या जागी देश.

‘फिरत्या माशाला कुंपण कसलं’ हा मुद्दा मात्र मलाही आधी पटला होता. कुपा, म्हणजे ट्यूना, हजारो किलोमीटर पोहतो. पण हवाईजवळ पापाहानाउमोकुआकेआ नावाचं राखीव क्षेत्र आहे (जीभ अडखळली तर अडखळू द्या). 2016 मध्ये ते वाढवून सुमारे 15 लाख चौरस किलोमीटर केलं. अख्खा महाराष्ट्र आणि अख्खा कर्नाटक, सीमाभागासकट, एकत्र केला तरी त्याच्या तिप्पट. आत धंद्याची मासेमारी बंद. मग बाहेरच्या बोटींचं काय झालं? 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने हद्दीजवळ मासेमारी करणाऱ्या बोटींचा हिशोब तपासला. तितक्याच गळांना पिवळ्या पराचा कुपा 54 टक्के जास्त लागत होता, मोठ्या डोळ्यांचा कुपा 12 टक्के. मासा फिरतो म्हणूनच हे झालं. आत वाचलेला बाहेर येतो आणि बाहेरच्याच्या गळाला लागतो. फक्त क्षेत्र इतकं मोठं हवं, की फिरूनही त्यातले पुरेसे आत राहतील.

श्रीमंतांच्या डावाच्या मुद्द्याला मी अर्धे मार्क देतो. ब्रिटनने 2010 मध्ये चागोस बेटांभोवतीचा समुद्र राखीव केला. तिथल्या माणसांना त्यांनी पूर्वीच बेटांवरून हाकललं होतं, आणि मॉरिशसच्या हक्कांचीही नीट दखल घेतली नाही. 2015 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ते बेकायदा ठरवलं. आपल्या जवळ मालवणचं सागरी अभयारण्य आहे, 1987 चं, जेमतेम 29 चौरस किलोमीटर. त्यालाही तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला. पण तेच पारंपरिक मच्छीमार पर्ससीनला (अख्खा थवा वेढणारं मोठं जाळं) आणि कर्नाटकातल्या मलपीच्या हायस्पीड ट्रॉलरना आवर घाला म्हणून वर्षानुवर्षं भांडतायत. समुद्र राखायला त्यांची ना नाही; आपल्याला न विचारता राखायला आहे. आणि पॅसिफिकमधल्या पलाऊसारख्या चिमुकल्या देशाला कोणी श्रीमंत म्हणेल का? मासा कमी झाला की खडकाळ पाणी काही काळ बंद ठेवायची तिथल्या गावप्रमुखांची जुनी रीत आहे, तिला ‘बुल’ म्हणतात. 2020 पासून त्यांनी आपल्या 80 टक्के समुद्रात धंद्याची मासेमारी बंद केली.

पहाऱ्याचं सोपं आहे. मोठ्या बोटींच्या ठावठिकाण्याचे सिग्नल उपग्रहाला दिसतात. किरिबाती या पॅसिफिकमधल्याच बेटांच्या देशाने आपल्या फिनिक्स बेटांचा समुद्र 1 जानेवारी 2015 ला बंद केला, आणि त्याच वर्षी आत शिरलेली बोट या सिग्नलवरून सापडली. तिला एकूण 20 लाख डॉलर मोजावे लागले. पुढे 2021 मध्ये त्याच किरिबातीने परवान्याच्या पैशासाठी हा समुद्र परत उघडायचं जाहीर केलं, हेही सांगायला हवं. तिथे पहारा कमी पडला नव्हता, तिजोरी कमी पडली होती.

राहिलं एकमत. अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रासाठी 24 देश आणि युरोपीय संघ, म्हणजे तिथल्या मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या आयोगाच्या 25 सदस्यांचा होकार लागत होता, त्यात रशिया आणि चीनही. वर्षानुवर्षं अडलं. शेवटी ऑक्टोबर 2016 मध्ये होकार मिळाला, तो घासाघीस करून: 35 वर्षांची मुदत, काही भागांत संशोधनापुरती मासेमारी. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राचे प्रस्ताव अजून लटकलेत. एकाने मान हलवली नाही की सगळं थांबतं, हे सीमाभागातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. म्हणून खुल्या समुद्राच्या, म्हणजे कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या पाण्याच्या, नव्या कराराकडे बघा. 17 जानेवारी 2026 पासून तो लागू झाला, भारताने सप्टेंबर 2024 मध्येच सही केली आहे. एकमतासाठी सगळे प्रयत्न थकले, तर त्यात तीन-चतुर्थांश मतांनी क्षेत्र राखीव करता येतं.