‘इंग्रजांनीच दारू आणली’ म्हणे!

फॅमिली ग्रुपवर काकांनी तो फॉरवर्ड परत टाकला आणि यावेळी खाली "करून बघायला हरकत नाही" असं स्वतःचंही जोडलं, म्हणून लिहायला बसलो. त्यात म्हटलंय की इंग्रजांच्या आधी आपल्याकडे कोणी प्यायचंच नाही, मग घरची मोहाच्या फुलांची दारू इंग्रजांनी मुद्दाम बंद पाडली, आणि पहिल्या धारेची अर्धा कप रोज उपाशीपोटी घेतली की शुगर मुळापासून जाते. अहो, कोणी पीतच नव्हतं तर बंद काय पाडलं?

पहिला मुद्दा दोन मिनिटांत संपतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारूचं खातं सांभाळायला सुराध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे, कशात काय किती घालायचं ती मापंसुद्धा आहेत, आणि सणकार्याला कुटुंबाला घरी सुरा करायची सूटही दिलीय. हे इंग्रजांनी लिहून ठेवलं नाही ना?

दुसऱ्यात तथ्य आहे, मान्य. 1878 चा मुंबई अबकारी कायदा, मग 1892 ला मोहाच्या फुलांवरही कायदा, सगळं महसुलासाठी, आणि मार पडला आदिवासींवर. पण इथे पुण्यात 1880 मध्ये जोतिराव फुले नगरपालिकेत बसून दारूची दुकानं वाढवायला लेखी विरोध करत होते, आणि 1908 मध्ये टिळकांच्या माणसांनी दुकानांपुढे पिकेटिंग केलं, ते फॉरवर्डमध्ये का नाही?

आता तिसरा, ज्याने डोकं फिरलं. काका शुगरची गोळी घेतात. उपाशीपोटी दारू गेली की लिव्हर तिच्याच मागे लागतं, रक्तात साखर सोडायचं काम मागे पडतं, आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी इन्शुलिन वाढवतच राहते, मग साखर खरंच उतरते, पण जीव जाईल इतकी. घाम, थरथर, बोबडं बोलणं, घरच्यांना वाटतं चढलीय, झोपू दे, आणि तिथेच घात होतो. शिवाय रस्त्याकडेला बाटलीत मिळते ती मोहाचीच कशावरून? नवसागर टाकलेली हातभट्टीची पण असेल. 2015 ला मालाडच्या मालवणीत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसं गेली, मिथेनॉल चवीला कळत नाही आणि वाचलाच तरी डोळे जाऊ शकतात.

आणि हो, फॉरवर्डच्या शेवटी "इंग्रजांचा कायदा अजून चालूय" म्हटलंय, हेही खोटं, सध्याचा दारूबंदी कायदा 1949 चा, मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असतानाचा.