फुकट शिकतात ना, मग पैसे कशाला?

यंदा जानेवारीच्या 2 तारखेला कॉलेज फुटबॉलचं ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंनी कॉलेज बदलण्यासाठी नाव नोंदवायची यादी) उघडलं आणि 16 ला बंद झालं. त्या दोन आठवड्यांत इथे अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसमध्ये ज्या ज्या घरी जेवायला गेले, तिथे हाच विषय. कोण चाललं, कोण येतंय, कुणी किती मागितले. आणि जेवता जेवता एक वाक्य हमखास कानावर पडलं, "फुकट शिकतात ना ही पोरं? मग वर पैसे कशाला?" आपल्या माणसांकडून हे ऐकलं की मला राहवत नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. हा लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल, आणि संघ विद्यापीठांचे. कॉलेजची मॅच म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जिमखान्याचं मैदान येतं, ते बाजूला ठेवा. आमच्या कोलंबसच्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये 1 लाख 2 हजार 780 माणसं बसतात. हा संघ ज्या 'बिग टेन' गटात खेळतो, त्या गटाने 2022 मध्ये टीव्हीवाल्यांशी सात वर्षांचा करार केला, तो सुमारे 700 कोटी डॉलरचा. रुपये नव्हे, डॉलर.

"म्हणजे आयपीएलच की," असं पुण्याहून माझा भाऊ म्हणतो. नाही रे. आयपीएलमध्ये बोली लागते, करार होतो, पैसे ठरतात. इथे 2021 च्या जुलैपर्यंत मैदानावरच्या पोराला स्वतःच्या नावावर एक डॉलरसुद्धा कमवायची बंदी होती.

मी हे जवळून पाहिलं आहे. 2009 साली मी दुसऱ्या एका राज्यात एम.एस. करत होते आणि टीचिंग असिस्टंट म्हणून सकाळी आठला संख्याशास्त्राचा तास घ्यायचे. मागच्या बाकावर फुटबॉल संघातला एक आडदांड मुलगा बसायचा. डाव्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी, प्लास्टिकने गुंडाळलेली. तास संपेपर्यंत बर्फ वितळून बाकाखाली पाणी साचायचं. बाकीचे निघून गेले की तो टिश्यू घेऊन खाली वाकायचा आणि फरशी पुसायचा. वाकताना गुडघ्यातून कळ यायची, ती चेहऱ्यावर दिसायची. पहाटे साडेपाचला व्यायाम, मग माझा तास, दुपारी सराव, रात्री खेळाच्या चित्रफिती बघणं. त्याला इंजिनियरिंगला जायचं होतं, पण प्रयोगशाळेच्या वेळा सरावाच्या आड येतात म्हणून तो विषय सोडावा लागला होता.

एकदा शंका विचारायला आला तेव्हा मी डबा उघडून बसले होते. तूप-साखर लावलेल्या पोळीची गुंडाळी होती. एक त्याच्यापुढे केली. त्याने हात मागे घेतला. "मॅम, मला नाही घेता येणार. नियमात बसणार नाही." विद्यापीठाच्या माणसाकडून इतर विद्यार्थ्यांना मिळत नाही असं काहीही फुकट घेतलं, तर एनसीएए (कॉलेज खेळांचं नियमन करणारी संस्था) खेळाडूवर बंदी घालू शकत होती. थोडा वेळ घुटमळला आणि म्हणाला, "सगळ्या वर्गाला दिलंत तर चालेल." पुढच्या शुक्रवारी मी पातळ पोह्यांच्या चिवड्याचा मोठा डबा घेऊन गेले आणि अख्ख्या वर्गाला वाटला. त्याने दोनदा घेतला. त्याच संध्याकाळी विद्यापीठाच्या दुकानात त्याच्या नंबरची जर्सी टांगलेली दिसली. नाव नव्हतं, नुसता नंबर. किंमत 80 डॉलर.

आता 'फुकट शिकतात' याबद्दल. माझीही फी माफ होती! वर दर महिन्याला पगार यायचा. मी त्या विद्यापीठाची नोकर होते. जिन्यावरून पडून पाय मोडला असता तर कामावरची दुखापत म्हणून भरपाई मागता आली असती. आपल्यातले निम्मे लोक असेच शिकले आहेत, आणि आपल्या पगारामुळे शिक्षणाचं पावित्र्य बिघडलं असं आपल्याला कुणी सुनावलं नाही. त्या मुलाला फीमाफी होती, पण पगार नव्हता आणि भरपाईचा हक्कही नव्हता. शिवाय त्या काळी खेळाडूची स्कॉलरशिप एकेका वर्षाची असायची. गुडघा गेला, कोचला नकोसा झाला, की पुढच्या वर्षी ती मिळेलच याची खात्री नसे. एकापेक्षा जास्त वर्षांची स्कॉलरशिप द्यायला एनसीएएने परवानगी दिली ती 2012 मध्ये.

'स्टुडंट-अ‍ॅथलीट' हा शब्द आपण सहज वापरतो. तो 1950 च्या दशकात मुद्दाम घडवलेला आहे. 1955 मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. 1957 मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. असे दावे अंगावर येऊ नयेत म्हणून एनसीएएने हा शब्द सगळीकडे रुजवला, हे एनसीएएचे त्या वेळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त टोचतं ते हे. एका विधवेला पैसे द्यावे लागू नयेत म्हणून तयार झालेला शब्द आपण आज अभिमानाने उच्चारतो.

कोलंबसकरांना 2010 चा डिसेंबर आठवत असेल. ओहायो स्टेटच्या पाच खेळाडूंवर पाच-पाच सामन्यांची बंदी आली. आपल्याच अंगठ्या, आपल्याच जर्सी विकून त्यांनी पैसे आणि टॅटू घेतले होते. हे माहीत असूनही वर कळवलं नाही म्हणून पुढच्या मे महिन्यात कोच जिम ट्रेसेल यांना जावं लागलं, आणि त्या मोसमातले विजयही खोडले गेले. आज तसाच खेळाडू राजरोस सही विकतो, गाड्यांच्या जाहिरातीत दिसतो. गुन्हा तेव्हा तरी कुठे होता?

2021 च्या जूनमध्ये, खेळाडूंनी भरलेल्या 'अल्स्टन' खटल्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएच्या विरोधात 9-0 असा निकाल दिला. न्यायमूर्ती कॅव्हानॉ यांनी वेगळं लिहिलं, त्याचा आशय असा, की कामगाराला पैसे न देणं हेच आमच्या मालाचं वैशिष्ट्य आहे, असं म्हणून अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही धंद्याला सुटता येत नाही. दहाच दिवसांत नाव-प्रतिमेच्या कमाईची, म्हणजे 'एनआयएल'ची दारं उघडली. गेल्या वर्षी, 6 जून 2025 ला, खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या खटल्यातली 'हाउस' तडजोड मंजूर झाली आणि विद्यापीठांना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सगळ्या खेळांचे मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत.

आता त्या पोर्टलबद्दल. "निष्ठा राहिली नाही," असं सगळे म्हणतात. पूर्वी दुसऱ्या कॉलेजात गेलेल्या फुटबॉलपटूला सहसा एक वर्ष घरी बसावं लागायचं; एप्रिल 2024 पासून अभ्यासात ठीक असेल तर कितीही वेळा जाता येतं. पण 2025 च्या जानेवारीत आपण रस्त्यावर येऊन नाचलो, राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात नोत्र दाम विद्यापीठाला 34-23 हरवलं म्हणून. आपल्या त्या संघाचा क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रं हलवणारा खेळाडू) विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून आलेला, क्विनशॉन जडकिन्स मिसिसिपीहून, केलेब डाउन्स अलाबामाहून. आलेला तो आपला आणि गेलेला तो गद्दार, हे मला पटत नाही.

आणि कोच? लेन किफिन यांनी 2025 च्या नोव्हेंबरअखेर 11 सामने जिंकून एकच हरलेला ओल मिसचा (मिसिसिपी विद्यापीठाचा) संघ प्लेऑफच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या बाद फेरीच्या तोंडावर सोडला आणि एलएसयू (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) गाठलं. दुसरे कोच जिम्बो फिशर यांना टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने 2023 मध्ये काढलं, तेव्हा कराराप्रमाणे साडेसात कोटी डॉलरहून जास्त द्यायचे कबूल केले, आता काम करू नका म्हणून. चाळिशी-पन्नाशीतला माणूस गेला तर ती प्रगती, वीस वर्षांचा पोरगा गेला तर हाव?

गोंधळ आहे, हे मीही मानते. 2024 च्या सप्टेंबरात यूएनएलव्हीचा (लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठाचा) क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लूका तीन सामने जिंकून मधेच निघून गेला. त्याच्या एजंटचं म्हणणं, तोंडी कबूल केलेले 1 लाख डॉलर मिळाले नाहीत. विद्यापीठाने ते नाकारलं. लेखी काही असतं तर हा वाद झाला असता का? उलट 2025 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाने मायामी विद्यापीठावर खटला भरला, करार केलेला आमचा खेळाडू फोडला म्हणून. म्हणजे पोरगा निघाला की करार आठवतो, आणि हा तुमचा कर्मचारी का, असं विचारलं की तो विद्यार्थी असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. त्यांना कर्मचारी म्हणा. संघटना करू द्या, आणि त्या संघटनेशी बसून मुदत, पगार, बदलीचे नियम, दुखापतीचा विमा ठरवा. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉलपटूंनी 2024 च्या मार्चमध्ये 13-2 मतांनी संघटना निवडली होती; कॉलेजने वाटाघाटी नाकारल्या आणि वर्षाअखेर त्यांना अर्ज मागे घ्यावा लागला. नियम असे बसून ठरले असते, तर दर हंगामाला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नसत्या. एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलांचाही प्रश्न यातच येतो. ओहायो स्टेटचे पंटर (चेंडू लांब लाथाडणारे खेळाडू) बरेचदा ऑस्ट्रेलियातून येतात. शेजारच्या लॉकरचा मुलगा जाहिरात करून कमावतो आणि व्हिसामुळे यांना इथे ते काम करता येत नाही. एफ-1 ची धास्ती आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

मला काळजी स्टार खेळाडूंची नाही. पोर्टलमध्ये नाव टाकल्यावर ज्यांना कुणाचाच फोन येत नाही आणि मागे जुन्या कॉलेजातली जागाही गेलेली असते, त्यांची आहे. करार आणि संघटना हवी ती त्यांच्यासाठी.

'हाउस' तडजोडीत जुन्या खेळाडूंना सुमारे 280 कोटी डॉलर द्यायचे ठरले. बातमी वाचली त्या रात्री मी माझ्या त्या विद्यार्थ्याला मेसेज केला. तो आता एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: ती भरपाई 2016 पासून पुढे खेळलेल्यांनाच आहे. डाव्या गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन मार्चमध्ये झालं, शाळेच्या विम्यातून. आणि खाली एक ओळ, त्या चिवड्यात शेंगदाण्याबरोबर ते तळलेलं खोबरं होतं का?