टाकीत ऊस भरणाऱ्यांसाठी

हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे ऊस-मक्यापासून केलेलं अल्कोहोल, मिसळलेलं असतं. तेव्हा तुमची दुचाकी दहा-बारा वर्षांची असेल, तर सगळ्यात आधी ती मायलेजची वही माळ्यावर टाका. टाकी फुल केली की तारीख, किलोमीटर, लिटर लिहून ठेवायचे आणि रविवारी कट्ट्यावर सगळ्यांना ऐकवायचे, ही पुणेकरांची जुनी खोड आता महागात पडते. ॲव्हरेज पडलं तर दोष कुणाचा हे आधीच ठरलेलं आहे. टायरमध्ये हवा कमी, क्लच अर्धा दाबून चालवता, वजन वाढलंय (तुमचं). इथेनॉलचं नाव घ्याल तर समोरचा विचारील, "शेतकऱ्याचं भलं झालेलं बघवत नाही का?" मग निमूटपणे हवा भरून घ्या.

तरी फारच खाज असेल तर नीती आयोगाचा २०२१ चा अहवाल वाचा. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या गाड्यांना वीस टक्के पाजलं, तर दुचाकीचं मायलेज ३ ते ४ टक्क्यांनी आणि चारचाकीचं ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असं त्यात सरळ लिहिलंय. कारण साधं आहे, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी. मात्र पुढची पानं वाचू नका. ही घट भरून निघावी म्हणून असं पेट्रोल ग्राहकाला स्वस्त मिळावं, अशी सूचना तिथेच आहे. २०२५ मध्ये लोक तोच प्रश्न विचारू लागले, तेव्हा सरकारकडून उत्तर मिळालं की मधल्या काळात इथेनॉलच पेट्रोलपेक्षा महाग झालं. अहवाल तेव्हा बरोबर होता आणि उत्तर आता बरोबर आहे. गैरसमज तेवढा तुमचा.

पाण्याचा हिशेब तर चुकूनही करू नका. मी केला, आता सांगून टाकतो. त्याच अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल बनवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. पाच लिटर पेट्रोलमध्ये एक लिटर इथेनॉल. सगळं उसाचंच धरलं, तर साडेसतरा लिटर पेट्रोल म्हणजे बरोबर दहा हजार लिटर पाणी, म्हणजे तुमच्या सोसायटीच्या गेटवर एप्रिलमध्ये हॉर्न वाजवत उभा राहणारा एक टँकर. एसयूव्हीची पन्नास लिटरची टाकी फुल करणारे सेक्रेटरीसाहेब एका दमात जवळजवळ तीन टँकर रिचवतात आणि संध्याकाळी ग्रुपवर ‘पाणी जपून वापरा’ असा मेसेज टाकतात. हा हिशेब त्या मेसेजखाली टाकू नका. मेंटेनन्सची थकबाकी निघते.

कुणी अडवलंच तर सांगा की हल्ली मक्यापासूनही पुष्कळ इथेनॉल येतं. खरंच येतं. मग मका महागला म्हणून पोल्ट्रीवाले ओरडतात, पण तो विषय अंडी घेताना काढायचा, पेट्रोल भरताना नाही.

आता थोडा अभिमान बाळगा, तो फुकट आहे. साखर आयुक्तालय शिवाजीनगरच्या साखर संकुलात, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीत, आणि वीस टक्के मिश्रणाच्या इंजिन चाचण्यांत भाग घेतलेली एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था तर वेताळ टेकडीवरच, जिथे तुम्ही सकाळी शुद्ध हवा खायला जाता. ५ जून २०२१ ला पंतप्रधानांनी शंभर टक्के इथेनॉलचे पथदर्शी पंप सुरू केले तेही पुण्यात, तीन ठिकाणी. त्या पंपावर जाईल अशी गाडी तुमच्या पार्किंगमध्ये एकही नसेल, पण पंप आधी आणि गाडी मागून, यालाच दूरदृष्टी म्हणतात.

पावसाळ्यात गाडी महिनाभर झाकून ठेवणार असाल तर एक गंमत अनुभवायला मिळेल. कारखान्यात साखर काढून उरलेली मळी आंबवून, ऊर्ध्वपातन करून साधारण ९५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल मिळतं. उरलेलं पाणी काही केल्या उकळून सुटत नाही, म्हणून ते रेणू वेगळे करणाऱ्या खास चाळणीतून काढावं लागतं. एवढा खटाटोप करून कोरडं केलेलं इथेनॉल तुमच्या टाकीत येतं आणि आषाढातल्या हवेतून पुन्हा पाणी ओढायला लागतं. मग किक मारून पोटरी भरून आली की गाडी ढकलत मेकॅनिककडे न्या. तो कार्बोरेटरची वाटी खोलेल. तळाशी एखादा गढूळ थेंब पेट्रोलपासून फटकून बसलेला असेल, आणि रबराची रिंग अशी फुगलेली की पुन्हा खाचेत बसायला तयार नाही. "काका, गाडी विका आता," असं तो म्हणेल. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला चालतील असे बनवलेत, तेव्हा त्याचा सल्ला धोरणाला धरूनच आहे.

उसाचं बिल पूर्वीपेक्षा वेळेवर मिळू लागलं, यात इथेनॉलच्या पैशाचा हात आहे. ती गोष्ट चेष्टेवारी नेण्यासारखी नाही, आणि साखरेचं गोदाम तुंबलेलं असताना बिलाची वाट बघणं काय असतं ते आपल्याला पेठेत बसून कळायचंही नाही. पण कारखानदार मेहुणा कर्ज काढून डिस्टिलरी टाकत असेल, तर त्याला २०२३ चा डिसेंबर आठवून द्या. ऐन गाळपात रसापासून इथेनॉल बनवू नका असा आदेश निघाला, आठवड्याभरात थोडा सैल झाला, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पुढच्या हंगामापुरता उठला. आणि अशा डिस्टिलरीच्या बाजूला एसटीने गेलात तर खिडकी लावून घ्या. मळीपासून एक लिटर इथेनॉल काढताना आठ ते पंधरा लिटर तांबडं-काळं सांडपाणी, म्हणजे स्पेंटवॉश, मागे उरतं. ते कुठे जातं हे विचारायचं नसतं. वास आला की कळतं.

पंपावरचा पोरगा "झिरो बघा काका" म्हणाला की मात्र जरूर बघा, चष्मा पुसून बघा. फक्त वीसचं काय ते त्याला विचारू नका, मागे रांग असते.