फी माफ झाली, मग मुलगी घरी का?

"मुलींची फी सरकारनं माफ केली. आता बारावीनंतर मुलगी घरी बसली तर दोष आईबापाचा," सतीश म्हणाला आणि कट्टा पेटला.

शीतल कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात काम करते. तिनं आधी विचारलं, नेमकं काय माफ झालंय? सतीशचं उत्तर, "सगळं." तसं नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं माफ झालं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. तेही व्यावसायिक अभ्यासक्रमाला, कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) किंवा ओबीसीतल्या आणि ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं. आधी ५० टक्के होतं, आता १००. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की यातलं काहीच मिळत नाही. विकास शुल्क, खोली, मेस, पुस्तकं घरच्यांनीच बघायची.

"तरी मोठा भार उतरला ना?" सतीश म्हणाला. उतरलाच, हे शीतललाही मान्य होतं. पण तालुक्याच्या गावातून पुण्याला किंवा संभाजीनगरला जाणाऱ्या मुलीचा खोली-मेसचा वर्षाचा खर्च कित्येकदा माफ झालेल्या फीच्या जवळ जातो. आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. तेवढ्याच पैशासाठी मुलाच्या वेळी सोसायटीचं कर्ज निघतं. मुलीच्या वेळी "गावातच बीए कर" हे आधीच ठरलेलं असतं. फीचा आकडा त्या बैठकीत निघतच नाही.

रफीकनं एसटीचा मुद्दा काढला. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत. तेरावीला तो बंद होतो आणि सवलतीच्या पासाचे पैसे सुरू होतात. नेमकं त्याच वर्षी कॉलेज लांब जातं, आणि संध्याकाळची शेवटची गाडी प्रॅक्टिकल संपायच्या आत सुटते. "बस नाही म्हणून मुलगी थांबते, आणि आपण म्हणतो तिला आवड नव्हती."

मंगेश सेतू केंद्र चालवतो. त्याच्या मते निम्मी भांडणं कागदावरच होतात, आणि मुलीचा कागद मुलाच्या कागदापेक्षा जास्त अडतो. आधारला मोबाईल नंबर बापाचा किंवा भावाचा. तो माणूस कामावर, मुलगी केंद्रावर, ओटीपी त्याच्या खिशात. लग्न झालेली असेल तर आधारवर सासरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं. जातीचा दाखला मात्र वडिलांकडूनच येतो, त्यामुळे माहेरी चकरा. नाव जुळेना की अर्ज परत.

पैसे कुठे जातात यावर तो जास्तच तापला. महाडीबीटीचे, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरून येणारे पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार शेवटचं ज्या बँकेशी जोडलंय तिथे जातात. बँकेत केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं जोडलं गेलं असं नाही, बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत ते दिसावं लागतं. कित्येकींचं आधार शाळेत असताना उघडलेल्या आणि आता बंद पडलेल्या खात्यालाच चिकटलेलं असतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते, दोन मिनिटांत दिसते. आधी ती बघायची, मग अर्ज भरायचा.

"आणि जात पडताळणी?" रफीकनं विचारलं. शीतल म्हणाली, जातीचा दाखला समिती तपासून खरा ठरवते, आणि तिथला उशीर सगळ्यात महाग पडतो. राखीव जागेवर पडताळणीच्या अर्जाची पावती दाखवून प्रवेश मिळतो, पण ठरलेल्या तारखेपर्यंत प्रमाणपत्र आलं नाही तर ती जागा हातची जाते. म्हणून अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत समितीकडे अर्ज टाकायचा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर (मागास प्रवर्गातल्या सधन गटात मोडत नसल्याचा दाखला) कॅपची नोंदणी सुरू व्हायच्या आत हातात हवेत. प्रवेशाच्या काउंटरवर माफ असलेली फी मागितली तर शासन निर्णयाची प्रत पुढे करून लेखी कारण मागायचं. तोंडी नकारावर घरी परतायचं नाही.

सतीश अजून अडलेलाच होता. "वसतिगृहाच्या योजना आहेत की." आहेत. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, मोठ्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये. पण जिल्ह्याला ६०० विद्यार्थी, मुलं-मुली मिळून. एका जिल्ह्यात बारावी पास होणाऱ्या मुली किती, हे सतीशनं मनाशीच मोजलं असावं, कारण तो थोडा वेळ बोलला नाही.

मग म्हणाला, "म्हणजे फीपेक्षा वसतिगृह आधी मागायला हवं होतं?"

शीतल म्हणाली, दोन्ही. पण पुढची मागणी तालुक्यापासून लांब गेलेल्या प्रत्येक मुलीला खाट मिळावी ही असू दे, आणि एसटीचा पास पदवीपर्यंत. मंगेशचं म्हणणं, त्याआधी प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या दिवाळीनंतर दाखल्यांचं शिबिर लावा, तलाठी आणि बँकेचा माणूस एकाच टेबलावर बसवा. यावर दोघांचं अजून जुळलेलं नाही. शिबिराला तलाठी येईल का, इथे गाडी अडकली आहे.