‘मी धरलंय ना त्याला’: दुचाकीवरच्या मुलांबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पालकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर हमखास येतो. यंदा आमच्या वर्गाच्या ग्रुपवर तो एकाच दिवसात तिघांनी टाकला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: दुचाकीवर मुलांना हेल्मेट घालायला लावणं ही पालकांची लुबाडणूक आहे. चार वर्षांखालच्या मुलांना कायद्यातच सूट आहे. मुलाची मान नाजूक असते, हेल्मेटनं ती मोडते. पट्ट्यानं बांधलेलं मूल अपघातात गाडीबरोबर फरफटत जातं. मूल पुढे उभं केलं की ते नजरेसमोर आणि दोन हातांच्या मध्ये राहतं, त्याहून सुरक्षित जागा नाही. चाळीसच्या वेगानं गेलं तर मागचा येऊन ठोकेल. आणि आपण सगळे लुनावर, चेतकवर चौघं-चौघं बसून लहानाचे मोठे झालो, आपल्याला काय झालं? शेवटी अर्थातच, पटलं तर पुढे पाठवा.

मी सांगलीत प्राथमिक शाळेत शिकवते. सकाळी फाटकावर उभं राहायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. हा मजकूर पाठवणारे तिघंही पालक चांगले आहेत, मुलांवर जीव टाकणारे आहेत. म्हणूनच एकेका मुद्द्याला नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

सगळ्यात आधी ते पुढे उभं करण्याचं, कारण फाटकावर मला रोज सगळ्यात जास्त तेच दिसतं. बालवाडीतलं मूल स्कूटरच्या फुटबोर्डवर उभं, पायाशी दप्तर, हनुवटी बरोबर स्पीडोमीटरच्या उंचीला. मीही असंच करत होते. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना त्याला पुढे उभं करून भाजी आणायला निघाले होते. वेग वीस-पंचवीस असेल. कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला. गाडी पडली नाही, मीही पडले नाही. रस्त्यावरच्या कुणाला काही झालंय हे कळलंसुद्धा नाही. त्याचं तोंड मात्र हँडलच्या मधल्या प्लास्टिकवर आपटलं होतं. वरचा एक दुधाचा दात हिरडीत आत गेला आणि एक त्याच्या शर्टाच्या खिशाजवळ रक्तात चिकटलेला मिळाला. माझे दोन्ही हात त्याच्या दोन्ही बाजूंना होते हे खरं. पण ते त्याला धरून नव्हते, हँडल आणि ब्रेक धरून होते.

‘दोन हातांच्या मध्ये’ या शब्दांनी फसायला होतं ते इथेच. गाडी चालवणाऱ्याचे हात मोकळे नसतातच. जोरात ब्रेक लागला की मूल पुढे फेकलं जातं आणि मागून आपलं पन्नास-साठ किलोंचं शरीर त्याच्यावर जाऊन आदळतं. पुढे हँडल, मागे आई किंवा बाप, मध्ये मूल. मागे बसलेल्या आजीनं किंवा आईनं मांडीवर घट्ट धरलं असेल तर? तेही हिशेबात बसत नाही. बारा किलोंचं मूल, गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटर, आणि धडकेत गाडी एक दशांश सेकंदात थांबली असं धरा. त्या क्षणी मुलाला जागेवर धरून ठेवायला सुमारे 135 किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. म्हणजे सिमेंटच्या पावणेतीन गोण्या. आईची माया कितीही असली तरी मनगटात तेवढं बळ कुठून आणणार?

पुढे उभं करण्यातला आणखी एक धोका कुणी बोलत नाही. दूध घ्यायला दुकानासमोर गाडी थांबवतात, इंजिन चालूच ठेवतात, मूल फुटबोर्डवर तसंच उभं. आपण पैसे द्यायला हात सोडला की ते चाळा म्हणून ॲक्सिलरेटर पिळतं. गिअर नसलेली स्कूटर आहे, पिळला की निघालीच. आमच्या फाटकासमोर असं झालेलं मी स्वतः पाहिलंय. गाडी भिंतीवर गेली, मूल दचकून रडलं, एवढ्यावर निभावलं. भिंतीच्या जागी रहदारीचा रस्ता असता तर? चावी काढून हातात घ्यायला दोन सेकंद लागतात.

आणि कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 128 प्रमाणे दुचाकीवर चालकाखेरीज एकच व्यक्ती बसू शकते, आणि तीसुद्धा चालकाच्या मागे, पक्क्या बसवलेल्या सीटवर. फुटबोर्ड किंवा पेट्रोलची टाकी ही बसायची जागा नाही. लहान मूल मोजत नाहीत, ही समजूतही चुकीची. त्या कलमात वयाची सूट नाही. केरळ सरकारनं 2023 मध्ये आईवडिलांबरोबर बारा वर्षांखालचं मूल तिसरं म्हणून चालावं, अशी सवलत केंद्राकडे मागितली होती. केंद्रानं ती दिली नाही.

आता चार वर्षांखालच्यांच्या सुटीचं. यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धंच फिरतंय. कलम 129 मध्ये हेल्मेटची सक्ती चार वर्षांवरच्यांना आहे. पण त्याच कलमात म्हटलंय की त्याहून लहान मुलांसाठी केंद्र सरकार वेगळे नियम करू शकतं. ते नियम 15 फेब्रुवारी 2022 ला प्रसिद्ध झाले आणि वर्षभरानं लागू झाले. त्यानुसार चार वर्षांखालचं मूल गाडीवर असेल तर त्याला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिने ते चार वर्षं या वयात डोक्यावर मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर जाता कामा नये. तेव्हा लहानग्यांना सूट तर नाहीच, उलट त्यांच्यासाठी अटी जास्त कडक आहेत. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळासाठी हेल्मेटचा उल्लेखच नाही. त्याचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावते की एवढं बाळ दुचाकीवर न्यायचंच नाही. लस द्यायला जायचं असेल तर रिक्षा करावी.

मान मोडण्याची भीती मला समजते. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं आणि जड असतं, मानेचे स्नायू कोवळे असतात, हे अगदी खरं. पण त्यावरून निष्कर्ष उलटा निघतो. डोकं जड म्हणूनच पडताना मूल डोक्यावर पडतं. ज्याची भीती खरी आहे ते वडिलांचं मोठं हेल्मेट. ते मुलाच्या डोक्यावर गरगर फिरतं, डोळ्यांवर येतं आणि आपटण्याआधीच निघून जातं. म्हणूनच त्या नियमात छोट्यांसाठी सायकलचं हलकं हेल्मेटही चालतं, असं स्पष्ट म्हटलंय. मोठ्या मुलांसाठी आयएसआय मार्कचं, त्यांच्या मापाचं हेल्मेट साधारण हजार-दीड हजारात मिळतं. आणताना मुलाला बरोबर न्या. बक्कल लावून मान जोरात हलवायला सांगा, हेल्मेट हललं तर ते माप नाही. पट्टा आणि हनुवटी यांच्यात दोन बोटं जातील एवढीच जागा हवी. फाटकावर मला बक्कल न लावलेली इतकी हेल्मेटं दिसतात की रोज पाच-सहा मुलांची मी स्वतः लावते. मोटारसायकलस्वारांवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा 2008 मध्ये आला होता. त्यात हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे 69 टक्क्यांनी कमी होते असं दिसलं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये हेल्मेट न घातलेली 50,029 माणसं रस्ते अपघातांत दगावली. त्यातली 14,337 मागे बसलेली होती. गाडी त्यांच्या हातात नव्हती.

पट्ट्यानं मूल फरफटतं म्हणणाऱ्यांनी तो पट्टा बघितलेला दिसत नाही. तो गाडीला बांधायचाच नसतो. मुलाच्या अंगात जाकिटासारखा घालतात, त्याचे बंद चालकाच्या खांद्यांत अडकवतात. नियमाप्रमाणे तो 30 किलोंपर्यंतचं वजन पेलणारा असायला हवा. मोठ्या धडकेत तो मुलाला वाचवीलच असं मी म्हणणार नाही. पण रोजच्या प्रवासात मूल पडतं ते बऱ्याचदा डुलकी लागून. सकाळी साडेसहाला अंथरुणातून उठवलेलं मूल, वारा लागला की मिटलेच डोळे. मान एका बाजूला कलते, बापाच्या कमरेभोवतीची मिठी सैल होते, आणि पुढे खड्डा असतो. बापाला मागचं दिसत नाही. ओढणीनं पोटाशी बांधणाऱ्या आया मी पाहते. त्यांची काळजी बरोबर आहे, पण ओढणी सुटते आणि तिचं टोक चाकात जातं.

चाकावरून पायांचं सांगायलाच हवं. पहिली-दुसरीतल्या मुलाचे पाय मागच्या फुटरेस्टला पोचत नाहीत. ते लोंबकळतात आणि टाच तारांच्या चाकात सापडते. हाडांच्या डॉक्टरांना ही जखम चांगली ओळखीची आहे. उजव्या पोटरीवर सायलेन्सरचा गोल डाग असलेली मुलं तर प्रत्येक वर्गात सापडतील. पाय टेकत नसतील तर पट्टा हवाच, पायात बूट हवेत, आणि चाकावर जाळी बसवून घ्यायला हवी.

वेगाबद्दल एक पालक मला फाटकावरच म्हणाले, “बाई, वीस वर्षं गाडी चालवतोय, एकदाही पडलो नाही. माझा हात बसलाय.” हात बसलाय हे मी मानते. त्यांची मुलगी मागे बसून एका हातानं डबा आणि एका हातानं त्यांचा शर्ट धरते. चौकात ते बसला डावीकडून कट मारून निघतात, फोन आला तर कान आणि खांद्यात धरून बोलतात. अशा वेळी वीस वर्षांचा अनुभव तिच्या काय कामाचा? ताशी 40 च्या वेगानं आपटणं म्हणजे सुमारे सहा मीटरवरून पडणं, आमच्या शाळेच्या दुमजली इमारतीच्या गच्चीवरून. 60 ला तीच उंची चौदा मीटर होते, चार मजल्यांच्याही वर. समोर काही आलं तर दिसल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत 40 ला साधारण बावीस मीटर लागतात आणि 60 ला चाळीसच्या आसपास. मधल्या अठरा मीटरांत शाळेसमोरचा अख्खा रस्ता दोनदा येतो. मागचा ठोकेल ही भीती असेल तर डाव्या कडेनं चालावं, वळताना वेळेत इंडिकेटर द्यावा, आरशात बघत राहावं. आणि रस्ता सरळ नि मोकळा आहे म्हणून धोका नाही, असं समजू नये. 2022 मध्ये देशातले 67 टक्के अपघात सरळ रस्त्यांवर झाले आणि रस्त्यावरच्या दर दहा मृत्यूंपैकी सातांमागे जादा वेग होता.

मुलांनाच मजा येते, ‘पप्पा अजून जोरात’ असं तीच म्हणतात, हेही त्या मजकुरात होतं. मुलं गच्चीच्या कठड्यावरही चढायला मागतात. तिथे आपण त्यांचं ऐकत नाही.

राहिलं आपल्या लहानपणाचं. लुना 50 सीसीची, चढावर पायडल मारायला लागायचं. चेतकवर चौघं बसले की ती स्वतःच रडतखडत चालायची. रस्ते अरुंद होते आणि गाड्या मोजक्या. आजची स्कूटर 110-125 सीसीची, सिमेंटच्या रस्त्यावर ऐंशीला कधी पोचते ते कळतही नाही. आणि ‘आपल्याला काय झालं’ हे विचारायला आपण उरलो आहोत. ज्यांना झालं ते या ग्रुपवर नाहीत. माझ्या वर्गातला एक मुलगा चौथीत असताना मामाच्या गाडीवरून पडून गेला. त्याचं नाव मी अजून हजेरीच्या सुरात म्हणू शकते.

एक गोष्ट मात्र त्या मजकुरात बरोबर आहे. सगळ्यांकडे चारचाकी नाही, स्कूलबस परवडत नाही, दुचाकी हीच आपल्या घरची गाडी आहे. मुलं तिच्यावरून येणारच आणि त्याबद्दल पालकांना बोल लावायचा मला अधिकार नाही. पण ती घाईनं का येतात, याचा विचार करताना मला आमची बाजूही दिसली. चार किलोमीटरच्या वाटेवर 40 ऐवजी 60 नं गेलं तर वाचतात दोन मिनिटं. ती दोन मिनिटं वाचवायला पालक जीव धोक्यात का घालतात? कारण घंटा झाली की आम्ही फाटक लावतो, उशिरा आलेल्यांना बाहेर उभं करतो, वहीत शेरा देतो. मूल रात्रीच घरी सांगतं, “उद्या उशीर नको, बाई रागावतात.”

गेल्या दिवाळीनंतर मी मुख्याध्यापकांशी बोलले. आता प्रार्थना सुरू झाली तरी फाटकातली छोटी दिंडी पंधरा मिनिटं उघडी असते. उशिरा आलेलं मूल गुपचूप येऊन रांगेच्या शेवटी उभं राहतं, त्याला कुणी काही विचारत नाही. त्या मजकुराच्या खाली मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, आणि सोबत दिंडीचा फोटो टाकला.