नळीच्या रक्षणार्थ

बंदुका जमवणाऱ्या माणसाला लोक हमखास विचारतात, "हिनं वाघ पडेल का हो?" पण "हिची नळी कशानं साफ करता?" असं आजवर एकाही पाहुण्यानं विचारलेलं नाही. विचारलं असतं तर त्याची अख्खी संध्याकाळ गेली असती.

खरं तर काम केवढंसं! बंदूक रिकामी असल्याची खात्री करायची, गजाच्या टोकाला चिंधी लावायची, नळीतून आरपार ढकलायची. पण या छंदात शिरलं की एक वाक्य कानावर पडतंच: गोळ्या झाडून बाद होतात त्याहून जास्त नळ्या साफ करून बाद होतात. सांगणारा हे सांगताना आपल्या हातातल्या गजाकडे बघत असतो, चेहऱ्याकडे नाही.

म्हणून मग गजाची निवड. तीन तुकडे जोडून होणारा अ‍ॅल्युमिनियमचा गज नेआण करायला सोयीचा, पण जोडाच्या कडा नळीतल्या आट्यांना, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचांना, घासतात. शिवाय धातू मऊ, त्यात कचकच रुतून बसते आणि गजाचा पॉलिशपेपर होतो. पोलादी गजात काही रुतत नाही, पण तो वाकला की आतून खरवडतो. त्यावर उपाय म्हणून पोलादाला प्लास्टिकचा लेप, मग लेपात कचकच. कार्बन फायबरचा गज वाकवून सोडला की पुन्हा सरळ होतो, पण त्याच्याबद्दलही कुणीतरी नाक मुरडतंच. अ‍ॅल्युमिनियमवाले, पोलादवाले आणि फायबरवाले असे हे तीन पंथ असून त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होत नाहीत.

जाडीचं वेगळंच. पॉइंट टू-टूची नळी साधारण 5.6 मिलिमीटरची, थ्री-नॉट-थ्रीची 7.7 आणि बारा बोअरची 18.5. बारीक गज सगळीकडे जातो खरा, पण रुंद नळीत लचकत जातो आणि भिंतींना टेकतो. तेव्हा ज्या त्या नळीत मावेल तितका जाड गज हवा. त्याची मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी, म्हणजे ब्रश आट्यांच्या वळणानं गिरक्या घेत जातो. मूठ घट्ट असेल तर तो आटे ओलांडत, कुरकुरत पुढे सरकतो. ती कुरकुर ऐकवत नाही.

एवढं करून आणलेल्या गजापासून नळीला वाचवायचं असतं. त्यासाठी बोअर गाइड. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, काढायचा आणि त्याच्या जागी ही पोकळ नळकांडी सरकवायची. टोकाची रबरी रिंग चेंबरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या जागेत, चपखल बसते. गज मधोमध राहतो, थ्रोट (चेंबरपुढे आटे सुरू होतात ती जागा) घासला जात नाही, मळ विरघळवणारं सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये उतरत नाही. उत्तम वस्तू! फक्त ती एका बनावटीची दुसरीला होत नाही. सगळ्यांना चालणारीही मिळते, पण ती सगळीकडे थोडीथोडी डुगडुगते. शिवाय गाइड मागे बरीच बाहेर येत असल्यामुळे, नळीला पुरणारा गज आता तोकडा पडतो.

माझ्या जुन्या लिव्हर-अ‍ॅक्शन (खालची तरफ ओढून काडतूस भरायच्या) रायफलीची पाठ बंद आहे. तिच्यात गज घालायचा तो मझलकडून, नळीच्या पुढच्या तोंडातून, म्हणजे ज्या कडेवर नेम अवलंबून ती क्राउनची कडाच धोक्यात. तिच्यासाठी मझलवर बसणारा पितळी शंकू घेतला.

ली-एनफिल्ड ही जुनी ब्रिटिश लष्करी रायफल वापरणाऱ्या शिपायाचा मला फार हेवा वाटतो. दस्त्याच्या पोटात एक दोरी आणि तेलाची कुपी, संपला विषय. निवडायचं काही नसल्यामुळे त्याला लढाईला वेळ मिळत असावा. अर्थात ती दोरी तिरकी ओढली की मझल झिजवते, हेही मला एकानं आवर्जून सांगितलंच.

सध्या मुक्काम जॅगपाशी आहे. गजाच्या टोकाला बसणारा, चिंधी धरणारा हा बोटाएवढा तुकडा. तांबं विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटनं चिंधी निळी आली की नळीत गोळीच्या आवरणाचं तांबं उरलंय असं समजायचं. माझी चिंधी निळीच येत राहिली. नळी केव्हाच स्वच्छ झाली होती, सॉल्व्हंट पितळी जॅग खात होतं! म्हणून निकेल चढवलेला जॅग आणला. त्याचे आटे मेट्रिक, गजाचे इंची. एक वेढा असा प्रेमानं बसतो की वाटतं जमलं, आणि दुसऱ्या वेढ्याला अडतो. मधे लावायचा अडॅप्टर मागवलाय. तो पितळी आहे.