ब्रेकच्या टाकीत दुसरं कुठलंही तेल ओतू नका

माझ्या भाच्याकडे १९९२ ची माझदा एमएक्स-५ आहे, कापडी छताची छोटी स्पोर्ट्स कार. तो इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहतो आणि सुटीच्या दिवशी गाडीचं काम स्वतः करतो. परवा त्याचा फोन आला, "मावशी, ब्रेक ऑइल खाली गेलंय. स्टीअरिंगच्या ऑइलची अर्धी बाटली घरात पडून आहे, तीच टाकतोय. चालतं ना?" चालतं असं सांगितलं कुणी, विचारलं तर म्हणाला, व्हॉट्सॲपवर आलंय.

मी तो मेसेज मागवून घेतला. "जुनी स्पोर्ट्स कार घरच्या घरी सांभाळा, गॅरेजवाले हे कधीच सांगणार नाहीत" असं शीर्षक, खाली लाल एमएक्स-५ चा फोटो, मग उपायांची रांग आणि शेवटी "सर्व ग्रुपमध्ये पाठवा". पुण्याहून तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला, तिथून इकडच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर गेला आणि "छान माहिती" म्हणून लोकांनी हातही जोडले. भाच्याने बाटली उघडण्याआधी फोन केला म्हणून निभावलं. दुसरा कुणी एव्हाना ओतून मोकळाही झाला असेल. फोटो एमएक्स-५ चा आहे, तर उत्तरही त्याच गाडीपुरतं देते, म्हणजे १९८९ ते १९९७ मधल्या, बॉनेटमधून वर येणाऱ्या दिव्यांच्या पहिल्या पिढीपुरतं.

"ब्रेक ऑइल म्हणजे शेवटी तेलच. कमी झालं तर इंजिन ऑइल किंवा स्टीअरिंग ऑइल टाका. कंपन्या तेच तेल नाव बदलून महाग विकतात."

साफ खोटं आहे हे. या गाडीच्या ब्रेकमध्ये खनिज तेलाचा थेंबही नसतो. तिथे ग्लायकॉल इथर जातीचा द्रव असतो आणि तो पाण्यात विरघळतो. खात्री करायची असेल तर एका काचेच्या बरणीत पाणी घ्या, सीलबंद डब्यातलं चमचाभर ब्रेक ऑइल त्यात घालून हलवा. एकजीव होईल. दुसऱ्या बरणीत स्टीअरिंगचं लाल तेल घालून तेच करा. हलवायचं थांबलात की तेल वर येऊन तरंगेल. हातमोजे घालून करा, ब्रेक ऑइल विषारी असतं, आणि त्या बरण्या परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

खरा घोळ रबराचा आहे. पेडलच्या पुढे मास्टर सिलिंडर असतो, त्यातल्या पिस्टनवर रबराच्या वाट्या असतात, आणि चारही चाकांच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेकचे पॅड चकतीवर दाबणाऱ्या भागात, रबरी सील. हे रबर ग्लायकॉलमध्ये वर्षानुवर्षं टिकतं. खनिज तेल मात्र ते शोषून घेतं, फुगतं आणि मऊ पडतं. हे लगेच दिसत नाही, म्हणूनच ते भयंकर आहे. ओतलं त्या दिवशी पेडल छान लागतं आणि माणूस म्हणतो, बघा, चाललं की! पुढे कधीतरी फुगलेली वाटी सिलिंडरमधलं ते बारीक भोक झाकून टाकते, ज्यातून पाय उचलल्यावर द्रव टाकीत परत जातो. मग दाब सुटत नाही. ब्रेक थोडे लागलेलेच राहतात, चाकं तापतात, कॅलिपरमधला द्रव उकळतो. त्याची वाफ झाली की पेडल दाबल्यावर ती वाफच दाबली जाते, ब्रेक लागत नाही. तोवर रबर गळायला लागलं असेल तर द्रवही बाहेर.

हे माझं मत म्हणून सांगत नाही. अमेरिकी सरकारचं ब्रेकच्या द्रवासाठी वाहनसुरक्षा मानक आहे, क्रमांक ११६. डब्यावर जे डॉट ३, डॉट ४ लिहिलेलं असतं ते याच मानकाचं. ब्रेकच्या रबरी वाट्या त्या द्रवात गरम करून किती फुगल्या ते मोजायची चाचणीच त्यात दिली आहे. मर्यादेबाहेर फुगल्या तर तो माल नापास. खनिज तेलाच्या ब्रेक द्रवाची व्याख्याही त्यात वेगळी केली आहे, आणि ती म्हणते की ज्या ब्रेकमध्ये या जातीच्या रबराशी संबंध येत नाही, अशाच ब्रेकसाठी हा द्रव. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना "नाव बदलून विकतात" म्हणणारा माणूस कोण?

एक मान्य करते. खनिज तेलावर चालणारे ब्रेक खरोखर होते. सित्रोएनच्या नंतरच्या डीएस गाड्यांत हिरव्या रंगाचं खनिज तेल असायचं, ब्रेकला आणि सस्पेन्शनला तेच. मेसेज लिहिणाऱ्याने कुठेतरी हे अर्धवट ऐकलं असेल. पण त्या गाडीचं रबर मुळात त्या तेलासाठी घडवलेलं होतं, आणि तिच्यात ग्लायकॉल टाकलं तर तिचीही सील खराब होतात. ज्या गाडीला जे लागतं तेच.

कुणी आधीच ओतलं असेल त्याने आता हे करावं. गाडी हलवू नका, पेडल दाबू नका, म्हणजे निदान ते टाकीतून पुढे जाणार नाही. आणि चांगल्या माणसाला बोलवा. गाडी त्यावर चालवली असेल तर नुसतं धुऊन भागत नाही. मास्टर सिलिंडर, कॅलिपरची सील, रबरी पाइप, जिथे जिथे रबर आहे ते सगळं बदलायचं. महाग पडतं, पण दुसरा मार्ग नाही.

पातळी खाली गेलीच का, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं चालता चालता जळून कमी होत नाही. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकतात, त्यांच्या मागची जागा भरायला टाकीतला द्रव जातो आणि पातळी हळूहळू उतरते. म्हणजे आधी पॅड बघायचे. पॅड जाड असूनही पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. चाकांच्या आतली बाजू बघा, पेडलच्या वर हात फिरवून ओल लागते का बघा. भाच्याच्या गाडीचे पुढचे पॅड संपत आले होते, एवढंच. नवीन पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले आणि टाकी न भरताच पातळी वर आली.

डॉट ३ की डॉट ४? या गाडीला दोन्ही चालतात. नव्या द्रवाचा उकळबिंदू डॉट ३ मध्ये किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, डॉट ४ मध्ये २३०. हा द्रव हवेतलं पाणी ओढतो, आणि पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की तेच किमान आकडे १४० आणि १५५ वर येतात. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचा, आणि उघडा राहिलेला जुना डबा वापरायचा नाही. डॉट ५ मात्र सिलिकॉनचा असतो, ग्लायकॉलच्या द्रवात मिसळत नाही. तो नको. डॉट ५.१ पुन्हा ग्लायकॉलचाच.

जिवावरची दुसरी गोष्ट, गाडी उचलल्यावर तिच्याखाली लावायच्या लोखंडी स्टँडबद्दल: "स्टँडवर पैसे घालवू नका, गाडीखाली विटा किंवा काँक्रीटचे ब्लॉक लावा, जास्त मजबूत."

भिंतीत ब्लॉकवर वजन सगळीकडून सारखं येतं. गाडीखाली ते पत्र्याच्या एका कडेवर येतं आणि ब्लॉक कुठलाही इशारा न देता फुटतो. एमएक्स-५ लहान गाडी म्हणून ओळखली जाते, पण तिचं वजन साडेनऊशे किलोच्या घरात आहे, आणि त्याखाली छाती असते तुमची. नुसत्या जॅकवरही जायचं नाही, कारण तो आतल्या एका सीलवर उभा असतो. पुढून उचलायची तर मधल्या आडव्या क्रॉसमेंबरला, मागून उचलायची तर डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीला) जॅक लावा आणि सिलखालच्या, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याखालच्या, ठरलेल्या जागांवर दोन स्टँड द्या. जमीन सपाट आणि कडक हवी. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे मागची बाजू उचललीत की त्याचा काही उपयोग उरत नाही. पुढच्या चाकांना आडवे ठोकळे लावलेच पाहिजेत. स्टँडवर बसवल्यावर गाडी हाताने जोरात ढकलून बघा, काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवा, मग खाली जा.

"इंजिन तापलं की रेडिएटरचं झाकण उघडून गार पाणी ओता." हेही नको. आत साधारण एक बार जादा दाब असतो, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो, ते क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं. गाडी बंद करा, वरचा पाइप हाताला गार लागेपर्यंत थांबा. कुलंटऐवजी साधं पाणी चालतं, असंही पुढे लिहिलंय. इंग्लंडच्या हिवाळ्यात ते गोठून फुगतं, आणि पुण्यातही लोखंडी ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचं हेड असलेल्या इंजिनात ते आतून गंज धरवतं.

"टकटक आवाज येत असेल तर घट्ट २० डब्ल्यू ५० तेल टाका." या इंजिनाचा आवाज बहुतेक वेळा वरच्या हायड्रॉलिक लिफ्टरचा, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या तेल भरलेल्या छोट्या भागांचा असतो. त्यांच्यात बारीक वाटांनी तेल पोचावं लागतं. थंडीत घट्ट तेल तिथे उशिराच पोचतं, म्हणजे आवाज वाढतो. १० डब्ल्यू ३० किंवा १० डब्ल्यू ४० टाका आणि वेळेवर बदला.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा, त्याबद्दल मेसेज म्हणतो, "तुटेपर्यंत चालवा, इंजिनाला काही होत नाही." यात अर्धं खरं आहे आणि ते मला कबूल करावं लागतंय. या पिढीच्या १.६ आणि १.८ इंजिनांत बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला आदळत नाहीत. पण मेसेज "जुनी स्पोर्ट्स कार" म्हणून सगळ्यांना पाठवलाय. कुणाकडे पोर्शे ९४४ असेल तर बेल्ट तुटताच व्हॉल्व्ह वाकतील आणि इंजिन उघडावं लागेल. एमएक्स-५ सुद्धा मोटरवेच्या मधल्या लेनमध्ये बंद पडेल, ब्रेक दाबायला मदत करणारा सर्व्हो आणि स्टीअरिंगची मदत जाईल, ते वेगळंच. साठ हजार मैलांना बेल्ट बदला. घरी होणारं काम आहे, फक्त क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीचा मोठा बोल्ट टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यानेच, पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आवळा. अगदी सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकचं पुढचं नाक आखूड होतं. बोल्ट सैल राहिला तर पुलीला जागेवर धरणारी लोखंडी चावी खाचेत हलते, खाच झिजवते आणि शेवटी क्रँकशाफ्टच वाया जातो.

"कुठलीही स्वस्त बॅटरी बसवा." या गाडीची बॅटरी डिकीत आहे. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, म्हणून मूळ बॅटरीला नळ्या आहेत, त्या वायू बाहेर नेतात. नळी लावायची सोय असलेलीच बॅटरी घ्या आणि नळ्या जोडल्यात ना ते बघा.

गॅरेजवाले जास्त पैसे घेतात, या तक्रारीवर माझं भांडण नाही. घेतात बरेचजण. आणि ही गाडी घरी दुरुस्त करायला खरंच चांगली आहे. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा सिलिंडर, हमखास गळतो, पण तो दोन बोल्टांवर असतो आणि भाग स्वस्त मिळतो. भाच्याने तो स्वतः बदललाय. वर्कशॉप मॅन्युअल विकत घ्या, त्याचं पान उघडून समोर ठेवा आणि करा. माझा राग घरी काम करण्यावर नाही, काहीही ओतायला सांगणाऱ्यावर आहे.

आणि ज्याने या गाड्या खरोखर भंगारात जातात ते मेसेजमध्ये आलेलंच नाही: गंज. कापडी छताचं पाणी सीटमागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. त्या पानांनी आणि चिखलाने तुंबल्या की पाणी गाडीत आणि सिलमध्ये उतरतं आणि सिल आतून सडतात. बाहेरून रंग शाबूत दिसतो, आणि एमओटीच्या वार्षिक तपासणीत गाडी नापास होते. वर्षातून दोनदा, पानगळीनंतर तर नक्कीच, छत अर्धं उघडून दोन्ही कोपऱ्यांतली भोकं शोधा आणि त्यांत हळूहळू तांब्याभर पाणी ओता. मागच्या चाकाच्या जरा पुढे, गाडीच्या खाली, ते लगेच पडलं पाहिजे. नाही पडलं तर मऊ प्लास्टिकची बारीक नळी वरून अलगद फिरवा. तारेने खुपसू नका, आतला पाइप फाटतो.